घंगाळाचं बारसं: एका जुन्या गोष्टीला आम्ही सात मिनिटं दिली तेव्हा

(गाव, समिती आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचा भातशेतीचा पट्टा. तिथल्या एका मराठी गावात वाचनालय आहे आणि त्याच्या पुढाकाराने दर जानेवारीत एका रविवारी साहित्य संमेलन भरतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांची संमेलनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचं रूप वेगळं सांगायला नको. सकाळी ग्रंथदिंडी, पुढे लेझीम, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका, मग उद्घाटन. सीमालढ्यात १७ जानेवारी १९५६ ला झालेल्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना अभिवादन, अध्यक्षांचं भाषण, एक परिसंवाद, दुपारी पंगत. पंगतीनंतर कथाकथन आणि सांजेला कविसंमेलन.

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाला गावोगावचं व्यासपीठ मिळवून दिलं. आमच्याकडेही या सत्राला सगळ्यात जास्त गर्दी होते. बाहेरून एक नावाजलेले कथाकथनकार येतात आणि त्यांच्याआधी गावातल्या एखाद्याला संधी मिळते.

गावातले म्हणजे आबा. वय ऐंशीच्या पुढे. जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा चौथी शिकलेले, पुढचा सगळा जन्म शेतीत. ज्ञानेश्वरीच्या पारायणात जागराच्या रात्री, लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात, गणपतीत, आणि पूर्वी सुगीत खळ्यावर ते गोष्टी सांगत. त्यातली एक गोष्ट लोक पुन्हा पुन्हा मागून ऐकत. तिचं नाव गावात ‘घंगाळाचं बारसं’. मी ती लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. पुढचं सगळं कळायचं तर ती थोडी सविस्तर सांगावी लागेल.

एक सावकार. त्याच्या घरी तांब्याचं घंगाळ. फुगीर पोट, भरदार कान आणि ओठावर सावकाराचं नाव कोरलेलं. शेजारचा शेतकरी लेकीच्या लग्नाला ते मागून नेतो आणि चौथ्या दिवशी परत आणतो, तर घंगाळात एक छोटी तपेली. “मालक, तुमचं घंगाळ पोटुशी होतं. आमच्यात बाळंत झालं.”

सावकार तपेली उलटी-सुलटी करून बघतो. तांबं चोख आहे. पण शंका येते. “हिच्यावर नाव नाही कुणाचं?”

“बारसं व्हायचंय अजून. नाव कुठनं असणार?”

मग सावकार आपणहून विचारतो, “आईची तब्येत कशी आहे?” शेतकरी सांगतो, “चिंच लावून न्हाऊ घातलं, चुलीवर शेक दिला. झाक हाय.” आबा इथे दोन्ही हातांनी घंगाळाची पाठ चोळून दाखवत, अगदी बाळंतिणीची चोळावी तशी. त्याच संध्याकाळी सावकार कोरणाऱ्याला बोलावून तपेलीवर स्वतःचं नाव घालून घेतो. गूळ वाटतो.

काही महिन्यांनी शेतकरी मोठा हंडा मागायला येतो, सप्त्याच्या महाप्रसादाला. सावकार स्वतः तो अंगणापर्यंत आणून देतो. “जपून ने. दिवस भरत आलेत असं वाटतंय.” आणि सोबतीला म्हणून एक परात घालतो. पंधरा दिवस हंड्याचा पत्ता नाही. सोळाव्या दिवशी शेतकरी येतो तो डोक्यावरून टॉवेल घेऊन. उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसतो. सावकारीण पाणी आणते. तो मान हलवतो.

“नको वैनी. सुतक हाय.”

इथे मांडव फुटतो. हंडा गेला हे अजून कुणी बोललेलं नाही, सावकाराला तर काहीच कळलेलं नाही, पण आपल्याला कळलेलं असतं. त्यानंतर आबा सावकाराला बराच वेळ अंधारात ठेवत. कोण गेलं, कधी गेलं, आजारी होतं काय, सगळं विचारून होतं. शेवटी “हंडा गेला, मालक” आणि सावकाराचं ओरडणं, “भांडं कधी मरतं होय रे?”

शेतकऱ्याचं उत्तर आबा कधीच द्यायचे नाहीत. ते मांडवाकडे बघायचे, आणि मांडव एका आवाजात म्हणायचा, “तपेलीवर नाव कुणी घातलं?”

ही गोष्ट आमच्या गावाची नाही. तुर्कस्तानात ती नसरुद्दीन होजाच्या नावावर सांगतात, अरब मुलखात जुहाच्या. जगभरच्या लोककथांची वर्गवारी करणाऱ्यांनी तिला १५९२ ब असा क्रमांक दिला आहे. त्याच्या अलीकडचा १५९२ हा क्रमांक पंचतंत्रातल्या लोखंडी तुळेच्या गोष्टीचा. ती तुळा उंदरांनी खाल्ली असं सांगणाऱ्या वाण्याला त्याच मापाचं उत्तर मिळतं, तीच जात. २०२२ मध्ये युनेस्कोने नसरुद्दीनच्या किश्शांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सात देशांनी मिळून तो प्रस्ताव दिला होता, आणि नोंद ‘सांगण्याच्या परंपरे’ची झाली. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पण नाव कोरण्याचा आणि बारशाचा धागा मी छापील कुठल्याच रूपात वाचलेला नाही. आमच्या घराघरांत भांड्यांवर नावं घालायची रीत, तिथूनच तो आला असणार.

अडचण

त्या वर्षी कथाकथनाला दीड तास होता. पाहुणे सीमेपलीकडून येणार, त्यांना एक तास कबूल केलेला. उरलेल्या अर्ध्या तासात स्वागत, परिचय, सत्कार, आभार आणि आबा. समितीच्या बैठकीत एक तरुण सदस्य म्हणाला, “गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. शेवट माहीत असलेला विनोद अर्धा तास कशाला?” त्याचं म्हणणं वावगं होतं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. सात मिनिटं ठरली. संहिता आटोपशीर करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठी शिकवतो.

मी ती दोन पानांत लिहून काढली. जे गोष्टीला ‘पुढे नेत नाही’ ते गाळलं. चिंचेची आंघोळ गेली, नाव कोरणं गेलं, सावकारीण आणि पाण्याचा तांब्याही गेला. घंगाळ नेलं, तपेली आली, हंडा नेला, हंडा मेला, आणि शेवटी शेतकऱ्याच्या तोंडी एक चटपटीत वाक्य. कागदावर ती उत्तम दिसत होती. आबांनी पानं घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, “बरं.”

संमेलनाच्या दिवशी त्यांनी ती जशी दिली तशी सांगितली. प्रामाणिकपणे सांगितली, एक शब्द इकडचा तिकडे न करता. लोक हसले, पण ते वडीलधाऱ्या माणसाचा मान ठेवायला हसतात तसं. तपेली आली तेव्हा तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, “नाव?” तिला वाटलं आबा विसरले. आबांनी पहिल्या रांगेत माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि घड्याळ बघितलं. शेवटी “भांडं कधी मरतं होय रे?” आलं तेव्हा मांडवाला म्हणण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. नावच घातलेलं नव्हतं, तर विचारणार काय? कागदातलं चटपटीत वाक्य आबांनी म्हटलं आणि ते माइकपासून बाजूला झाले. आम्ही लगेच शाल आणि श्रीफळ दिलं.

खरी अडचण पुढे दिसली. माघातल्या पारायणाच्या जागरात त्यांनी गोष्ट सांगितली नाही. पुढे एका लग्नात लोकांनी फार आग्रह केला, तरी नाही. मी घरी गेलो तेव्हा ओसरीवर दोरी वळत बसले होते. राग नव्हता. म्हणाले, “सांगितलो असतो की. खरं आता तोंडात तीच बसलीया. सात मिनिटांची.”

पर्याय

वर्षभर यावर बोलणं होत राहिलं. पहिला विचार आला तो छापण्याचा. संमेलनाच्या स्मरणिकेत पूर्ण गोष्ट आबांच्या फोटोसह द्यायची. खर्च काही नाही, मान राहतो, गोष्ट टिकते. पण जिचा शेवट ऐकणाऱ्यांनी म्हणायचा आहे ती कागदावर कोण म्हणणार? हा पर्याय लवकर मागे पडला.

दुसरा, ध्वनिमुद्रणाचा. याच्या बाजूने एक भक्कम दाखला आमच्या जिल्ह्यातच होता. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, आणि त्यांच्या आवाजातले बेळगावचे ‘रावसाहेब’ आजही घरोघरी ऐकले जातात. ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य पाठ असतं, तरी तो थांबून ऐकतो. म्हणजे मुद्रण झालं की गोष्ट मरते असं मुळीच नाही. पण तिथे सांगणारा तयार होता. इथे सांगणाराच गप्प होता.

तिसरा पर्याय तरुणांनी मांडला. आबांच्या नातवाने सांगावी, आणि आजच्या काळातली करून सांगावी. घंगाळाऐवजी कुकर, सावकाराऐवजी फायनान्सवाला. नातू बोलायला चांगला आहे. वाचनालयात पंधरा-वीस जणांपुढे त्याने प्रयत्न केला आणि सुरुवात चांगली जमली. फायनान्सवाल्याच्या नकलेला लोक मनापासून हसले. पण कुकर बाळंत झाला म्हटल्यावर गोष्ट कुठेतरी लटकली. तेव्हा मला कारण उमगलं नाही. नंतर आबांनी एका वाक्यात सांगितलं, “कुकरला शिट्टी असतीया, पोट न्हाई.” आपल्या भाषेत भांड्याला तोंड असतं, ओठ असतो, कान असतात, गळा असतो, पोट असतं, बूड असतं. घंगाळाचं बाळंतपण अर्धं भाषेनेच करून ठेवलेलं आहे. ऐकणाऱ्याला विश्वास ठेवायला फार लांब जावं लागत नाही. कुकरला आपण अजून शरीर दिलेलं नाही.

चौथा पर्याय, आबांना पुन्हा पूर्ण वेळ देण्याचा. पण ते सांगणार कसे? आणि समितीला पटवायचं तर ‘शेवट माहीत असलेला विनोद अर्धा तास कशाला’ या प्रश्नाला उत्तर हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं.

म्हणून मी लोकांना विचारत सुटलो. पाच-सहा घरं झाली. प्रश्न एकच: या गोष्टीत तुम्हाला हसू कुठे येतं? शेवटचं वाक्य एकानेही सांगितलं नाही. एक मावशी म्हणाल्या, “पाणी नको म्हणतोय तिथं. मला तर तो टॉवेल घेऊन आला की हसू सुरू होतंय.” एक गवंडी म्हणाला, “गूळ वाटतो तिथं.” ज्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात कायमचं बसलं ते गावातले एक वृद्ध गृहस्थ. तरुणपणी बांधाच्या आणि वाटणीच्या तंट्यांत पंच म्हणून बसलेले. ते म्हणाले, “नाव कोरलं तिथं सावकाराची सही झाली. आमी सगळ्यांनी बघिटलेली सही. मग शेवटाला निकाल आमीच देणार न्हवं?”

त्या दिवशी मला माझी दोन पानं पुन्हा दिसली. मी अलंकार काढतोय असं मला वाटलं होतं, पण मी पुरावा काढला होता. ही गोष्ट तोंडी सांगताना ऐकणाऱ्याला पंच करून बसवते. सगळे दाखले त्याच्या डोळ्यांदेखत होतात, त्याला सावकाराच्या आधी कळतं, आणि शेवटचा शब्द त्याचा असतो. निकाल माहीत असला म्हणून तो द्यायचा आनंद कमी होत नाही. आमच्याकडे हाच निकाल तीन पिढ्या देत आल्या आहेत.

आणखी एक गोष्ट या फिरण्यात हाती लागली. शेजारच्या गल्लीतल्या एक कन्नड बोलणाऱ्या अक्का, माहेर बैलहोंगलकडचं. त्यांनाही हीच गोष्ट ठाऊक. त्यांच्यात भांडं म्हणजे ‘हंडे’, न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं. त्यात बारसं नाही, पण सुतक आहे. आबा गप्प आहेत कळल्यावर अक्कांनी वेगळीच गोष्ट ऐकवली. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, ती ते कुणालाच सांगत नाही. आत गुदमरून एके दिवशी ती झोपली असताना दोन्ही तिच्या तोंडातून बाहेर पडतात, गोष्टीचे दारात बूट होतात, गाण्याचा खुंटीवर कोट होतो, आणि नवऱ्याच्या मनात संशय शिरतो. १९५० च्या दशकात बेळगावात इंग्रजी शिकवणाऱ्या ए. के. रामानुजन यांनी या भागातल्या कन्नड लोककथा जमवल्या, त्यांच्या संग्रहातही ही कथा आहे. अक्कांनी ती आईकडून ऐकलेली. “तुमच्या आबांच्या दारात बूट दिसायच्या आत काहीतरी करा,” म्हणाल्या.

काय केलं

पहिलं पाऊल आमचं नव्हतं. गणपतीत एका संध्याकाळी आरतीनंतर पाच-पंचवीस माणसं बसलेली, आबाही होते. टॉवेलवर हसणाऱ्या त्या मावशींनी मुलांना घंगाळाची गोष्ट सांगायला घेतली आणि घाईघाईत सगळं उलटंपालटं केलं. हंडा आधी, घंगाळ नंतर, तपेलीवर नाव शेतकऱ्याचं. त्यांनी हे मुद्दाम केलं का, हे त्या आजही सांगत नाहीत. तिसऱ्या चुकीला आबा पुढे सरकले. “अगं तसं न्हवं गं. हिकडं दे.” आणि त्यांनी घंगाळापासून सुरुवात केली. त्या रात्री पूर्ण झाली नाही, पाऊस आला. पण सात मिनिटांची तोंडातून गेली होती.

त्यानंतर समितीपुढे मी प्रस्ताव ठेवला. आबांची गोष्ट रविवारच्या सत्रातून काढायची आणि शनिवारी रात्री, मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात, स्वतंत्र ठेवायची. वेळेचं बंधन नाही. खुर्च्या नाहीत, ताडपत्री आणि जमखाना. मंचही नाही, एक चौरंग. मुलं पुढे, पण अगदी पायाशी नाही. दिवे फक्त सांगणाऱ्यावर न टाकता बसलेल्यांवरही टाकायचे, कारण आबांना तोंडं दिसली पाहिजेत. आदल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांवर झोत होता आणि समोर काळोख. हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

मुलांच्या भाषेचा प्रश्न वादाचा ठरला. गावातली बरीच मुलं आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात. घंगाळ ऐकून माहीत, पाहिलेलं नाही. सुतक घरात पाळतात, शब्द ओळखीचा नसतो. लग्नाला भांडी मागून आणायची रीतही संपली, आता आचारीच टेम्पोतून भांडी आणतो. एका शिक्षिकेचं म्हणणं, आधी पाच मिनिटं शब्द समजावून सांगावेत. मी म्हणालो, चौरंगाशेजारी खरं घंगाळ ठेवू. एका घरून ते मिळवलं, चिंच लावून घासलं, ओठावरचं नाव लख्ख दिसायला लागलं. आबांनी ते बघितलं, बोटाच्या पेराने टण्ण वाजवलं, आवाज विरेपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, “हे आत ठेवा. भांडं दिसलं की लोकांस्नी भांडंच दिसतंय. मग बाळंत कसं व्हणार?” घंगाळ देवळाच्या पडवीत गेलं. शब्द समजावून सांगायलाही त्यांनी नको म्हटलं. “इचारूं दे. इचारलं की सांगतो.”

त्यांनी काय केलं ते मी प्रत्यक्ष त्या रात्री पाहिलं. सावकाराला त्यांनी एक लहान पोर दिलं, जे आधी गोष्टीत कधीच नव्हतं. मुलांना न कळणारं सगळं ते पोर विचारतं. बाळंत म्हणजे काय, बा? आणि उत्तर मिळाल्यावर तपेलीकडे बघून, “म्हंजे ही माझी भन?” पुढे बसलेली मुलं लोळायची बाकी राहिली होती. सुतकाच्या वेळी तेच पोर बापाच्या मागून डोकावून विचारतं, हा आत का येत नाही? आणि सावकारीण त्याला हळू आवाजात सुतक समजावते. ती समजावत असताना सावकार मात्र अजून कोड्यात. शब्दार्थ सांगून झाला आणि टांगणीही वाढली. एवढं मोठं कसब मी वर्गात वीस वर्षं शिकवूनही कमावलेलं नाही.

आणि ते ‘खरं’. आमच्या भागात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आबा “सावकारानं हंडा दिला, खरं…” म्हणून थांबतात. तो थांबा किती लांब असेल ते समोरच्या तोंडांवर ठरतं. ऐकणारा त्या थांब्यात ‘पण’ही ऐकतो आणि ‘खरोखर’ही. माझ्या दोन पानांत मी सगळीकडे ‘पण’ केलं होतं.

निष्पत्ती

गोष्ट चौतीस मिनिटं चालली. “नको वैनी, सुतक हाय” या वाक्याला हसण्याची एक लाट आली, मग मागच्या बाजूने दुसरी. तिथे उभे असलेले अक्कांच्या घरचे लोक कन्नडमध्ये एकमेकांना सांगून हसत होते. शेवटी आबांनी मांडवाकडे बघितलं. “तपेलीवर नाव कुणी घातलं?” हा आवाज देवळामागच्या घरापर्यंत गेला, असं तिथे राहणाऱ्यांनी सकाळी सांगितलं. बाहेर पडताना मुलं पडवीत घंगाळाभोवती जमली आणि ओठावरचं नाव बोटाने चाचपून वाचत होती. आबांनी ते आधी दाखवू दिलं असतं तर हे झालं नसतं.

सगळंच जमलं असं नाही. शनिवारी रात्री ठेवल्यामुळे बाहेरचे पाहुणे, अध्यक्ष, पत्रकार यांच्यापैकी कुणीच नव्हतं. संमेलनाच्या छापील वृत्तांतात या गोष्टीची ओळही आली नाही. रविवारच्या कथाकथनाला गर्दी थोडी कमी होती आणि पाहुण्यांच्या ते लक्षात आलं. शनिवारच्या जागरणामुळे दिंडीला काही बायका उशिरा आल्या, त्यावरून दोन दिवस बोलणीही खाल्ली.

नातवाने पन्नास सेकंदांची चित्रफीत गावाच्या गटावर टाकली, फक्त सुतकाचा भाग. गोव्यात आणि मुंबईत कामाला असलेल्यांचे फोन आले, आणि बहुतेकांनी आधी एकच विचारलं: पूर्ण आहे का? कापलेल्या तुकड्याला मी घाबरलो होतो. पण ज्यांनी कधीतरी पूर्ण ऐकली आहे त्यांना तो तुकडा दारावरच्या थापेसारखा होता. ज्यांनी ऐकलेलीच नाही त्यांच्यासाठी तो काय आहे, हे मला अजून सांगता येत नाही. नातवाच्या एका मित्राने, तो बेंगळुरूचा, उलट विचारलं होतं की या माणसाने पाणी का घेतलं नाही.

आबांची नात कन्नड माध्यमात आठवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयात तिने ही गोष्ट सांगितली. सावकार मराठी, शेतकरी कन्नड. तिने कोरणाऱ्याला एक प्रश्न विचारायला लावला: “नाव कुठल्या लिपीत घालू?” आबा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी दुरुस्त केलं नाही.

निर्णयाच्या जागा

मागे वळून बघताना सात मिनिटं हा आकडा मला सर्वांत कमी खुपतो. वेळ खरोखरच कमी होता आणि कार्यक्रमात असं होतं. खुपतो तो क्रम. आम्ही आधी वेळ ठरवली, मग गोष्ट त्यात बसवली, आणि मग आबांना कळवलं. उलट केलं असतं, आबांना विचारलं असतं की सात मिनिटांत काय सांगाल, तर ते बहुधा दुसरी गोष्ट घेऊन आले असते. त्यांच्याकडे सात मिनिटांत सांगून होणाऱ्या आहेत. घंगाळाचं बारसंच हवं हा आग्रह आमचा होता, आणि कापलेलं हवं हाही आमचाच.

संहिता लिहून हातात देणं ही दुसरी जागा. आबा कागदाचा मान ठेवतात. शिकलेल्या माणसाने लिहून दिलेलं मोडायचं नाही ही त्यांची रीत मला ठाऊक होती. कागद न देता नुसतं “जरा लवकर आवरा” म्हटलं असतं, तरी त्यांनी काय ठेवायचं ते त्यांचं त्यांनी नीट निवडलं असतं. नाव तर नक्कीच ठेवलं असतं.

“नाव?” असा आवाज आला तो क्षण अजून हातात होता. पहिल्या रांगेतून मी नुसता हात वर केला असता, “सांगा, आबा” म्हटलं असतं, तर पाच-दहा मिनिटं गेली असती, पाहुणे थोडे थांबले असते. लगेच दिलेली शालही चुकलीच. फसलेल्या सांगण्यानंतरच्या सत्काराचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो, आणि आबांनी तो तसाच घेतला.

दुसऱ्या वर्षीच्या निर्णयांत शनिवारच्या रात्रीबद्दल मी अजून ठाम नाही. मुख्य मंडपापासून दूर नेल्यामुळे गोष्ट फुलली हे खरं, पण तिची जागा कार्यक्रमपत्रिकेबाहेर आहे असंही आम्ही नकळत सांगितलं. रविवारी सकाळी दिंडी मंडपात येऊन टेकते आणि उद्घाटक यायचे असतात, त्या वेळी दरवर्षी अर्धा-पाऊण तास रिकामा जातो. तिथे ठेवून बघावी असं एका सदस्याचं म्हणणं आहे. दिंडीतली माणसं तेव्हा जमिनीवरच बसलेली असतात.

आणि मुद्रण. ते आम्ही केलं आणि पूर्ण केलं, चौतीसच्या चौतीस मिनिटं. वाचनालयाच्या संगणकावर ते आहे. ऐकायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माइक फक्त आबांच्या सदऱ्याला लावलेला होता. “भांडं कधी मरतं होय रे?” स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर तीन-चार सेकंद नुसती खरखर, लांब कुठेतरी गलका, आणि मग आबांचं हसणं. मांडवाने काय म्हटलं ते त्यात नाही.

या जानेवारीत दुसरा माइक लोकांकडे तोंड करून चौथ्या रांगेजवळच्या खांबाला बांधायचा ठरलंय. वायर किती लागेल ते मांडववाला मोजून गेलाय.